कुड्याची साल व कांचेची पाटी

गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. त्यांत चूक माझी स्वतःची असल्यामुळें तो सांगावा कीं न सांगावा, याचा पुष्कळ दिवस निश्चय होईना. परंतु या सदरांत मी वाचकांस औषधी झाडपाल्याविषयीं अनेक वेळां चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांतल्याच एका झाडाच्या बाबतींत मी फसलों असतां मौन धरणें शिक्षकाच्या पेशास शोभणारें नव्हे. म्हणून तो प्रसंग, आणि त्याच्या निमित्तानें या उतारवयांत मला मिळालेला एका नव्या विद्येचा धडा, हीं दोन्ही या महिन्यांत सांगतों.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हां त्र्यंबककरांस कुड्याचें झाड नवें नाहीं. उन्हाळा सरतां सरतां डोंगरउतारावर त्याचे पांढरे झुबके फुलतात. त्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी पुष्कळ घरीं होते. संस्कृत वाचणारास तर तें अधिकच ओळखीचें, कारण रामगिरीवरील यक्षानें मेघाला जें अर्घ्य दिलें, तें कुटजाच्याच ताज्या फुलांचें. वैद्यकांत कुटज म्हणजे अतिसार व प्रवाहिका यांवरील नांवाजलेलें औषध. कुटजारिष्ट व कुटजघनवटी हीं नांवें बहुतेक घरांतील वडील मंडळींस पाठ असतात. आमच्या मातोश्री, घरांत कोणास आंव पडूं लागली कीं, कुड्याची साल ताकांत उगाळून देत, आणि गुण येई. त्या सालीवरील माझा विश्वास तेथून आलेला आहे.

श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला दूरदूरचे लोक येतात. आमच्याहि घरीं पाहुण्यांची गर्दी होती. त्या धांदलींत चार वर्षांच्या धाकट्या नातवास आंव लागली. सूनबाई म्हणाली, “मामंजी, याला नाशिकला दाखवून आणूं या का?” मी म्हणालों, “दोन दिवस थांब. घरांत साल आहे.” ती साल माघांत आमच्या शेताच्या बांधावरील झाडावरून मीच काढिली होती, सावलींत वाळविली होती, आणि फडक्यांत बांधून ठेविली होती. दोन दिवस ती दिली, गुण येईना. ती संपत आली म्हणून तिसऱ्या दिवशीं बाजारांतून एक पुडी आणविली. चवथ्या दिवशीं पहाटे मुलाचे डोळे खोल गेले, आणि रडतांना डोळ्यांत पाणी येईना. मग मात्र माझ्या चिरंजीवांनीं मला विचारलें नाहीं. त्यांनीं गाडी काढली आणि मुलास नाशिकच्या रुग्णालयांत नेलें. शिरेंतून सलाईन द्यावें लागलें. तीन दिवसांनीं पोर हसत घरीं आलें; पण ते तीन दिवस या घरांत कोणाच्या घशाखालीं घास उतरला नाहीं.

भीति ओसरली तशी माझ्या मनांत चीड उत्पन्न झाली. माझ्या हातची साल चोख. तेव्हां बाजारची पुडीच खोटी असली पाहिजे, आणि तिनेंच घात केला, असें मी ठरवून टाकिलें. एवढ्यावर न थांबतां, संध्याकाळीं पारावर बसणाऱ्या चार मंडळींजवळ तसें बोलूनहि दाखविलें. दुकानदारास जाब विचारावयास निघणार, तोंच थोरली नात आडवी आली. ती नाशिकला औषधनिर्माणशास्त्र शिकते. ती म्हणाली, “आजोबा, भांडायला जाण्याआधीं दोन्ही सालींचे तुकडे मला द्या. कॉलेजांत पाटीवर घालून पाहूं. मग तुम्हांला वाटेल तें करा.”

तिनें पाटीवर काय पाहिलें हें समजण्यासाठीं आधीं दोन कुड्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याला आपण पांढरा कुडा म्हणतों व ज्याच्या बिया कडू इंद्रजव या नांवानें विकल्या जातात, तो औषधी कुडा. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव होलॅरीना. दुसरा काळा कुडा. त्याच्या बिया म्हणजे गोड इंद्रजव, आणि शास्त्रीय नांव राइटिया टिंक्टोरिया. त्याच्या पानांपासून पूर्वीं निळीसारखा रंग काढीत, त्यावरून हें विशेषण पडलें. दोन्ही झाडें एकाच कुळांतील. दोहोंना पांढरा चीक येतो, दोहोंचीं फुलें पांढरीं, दोहोंच्या शेंगा लांब, बारीक व जोडीनें लोंबणाऱ्या. मात्र औषधी कुड्याच्या जोडशेंगा टोंकापर्यंत सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळेपणीं टोंकाशीं जुळलेल्या असतात व पिकतांना सुटतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत पुरुष-कुटज व स्त्री-कुटज असे दोन भेद सांगितले आहेत, आणि दुसऱ्याचा संबंध कित्येक अभ्यासक या काळ्या कुड्याशीं जोडतात. म्हणजे कुडे दोन आहेत, ही गोष्ट फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मीहि ती वाचली होती. पण वाचणें निराळें आणि झाडाखालीं उभें राहून ओळखणें निराळें.

या सारखेपणानें पूर्वीहि पुष्कळ घोटाळा केला आहे. इंग्रजी अमदानींत कुड्याची साल ‘कोनेसी’ किंवा ‘तेलिचेरी’ साल या नांवानें युरोपांत ओळखली जात असे. पुढें तिची कीर्ति ओसरली. आणि तिच्या जागीं काळ्या कुड्याची गुणहीन साल वापरली गेली, हें त्याचें एक कारण त्या काळच्या औषधिग्रंथकारांनीं दिलें आहे. शास्त्रज्ञांच्या परिभाषेंतहि ही गफलत शिरली. इ. स. १८५८ मध्यें मुंबईंत डॉ. हेन्स यांनीं औषधी कुड्याच्या सालींतून एक अल्कलॉइड वेगळें काढिलें. १८६४ मध्यें स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञानें तें बियांतून मिळवून त्यास ‘राइटीन’ हें नांव दिलें, कारण औषधी कुड्यालाहि तेव्हां राइटिया म्हणत असत. आज त्या द्रव्यास कोनेसीन म्हणतात.

अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींत तयार होणारें, नायट्रोजन असलेलें व बहुधा क्षारधर्मी असें द्रव्य. चवीला सामान्यतः कडू, आणि थोड्या मात्रेंतहि शरीरावर परिणाम करणारें. अफूंतील मॉर्फीन, सिंकोन्यांतील क्विनीन, कुचल्यांतील स्ट्रिक्नीन हीं याच जातीचीं. कुड्याच्या सालींत कोनेसीन एकटें नसतें. त्याचीं पुष्कळ भावंडें तेथें एकत्र नांदतात, आणि कित्येकांत भेद असतो तो केवळ एखाद्या मेथिल गटाचा. १९३० नंतरच्या दशकांत दिल्लीच्या तिब्बी महाविद्यालयांत सलीमुझ्झमाँ सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनीं या कुटुंबांतील कांहीं मंडळी निवडून काढिली. लवण बनवावें, स्फटिक पाडावे, पुन्हां विरघळवावे, अशा फेऱ्या घालण्याचें तें काम. आज हें कुटुंब तासा-दीड तासांत डोळ्यांपुढें ओळीनें उभें करतां येतें, तें पातळ थराच्या वर्णलेखनानें. विद्यार्थी त्यास ‘टी. एल. सी.’ म्हणतात.

टिपकागदावर शाईचा थेंब पाडून त्याची कड पाण्यांत धरली, तर पाणी वर चढतांना शाईंतले रंग निरनिराळ्या उंचीवर जातात, हें आपण लहानपणीं पाहिलेंच आहे. हीच युक्ति येथें कांचेवर केलेली असते. कांचेच्या पाटीवर सिलिका जेलचा सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा थर देतात. खालच्या कडेपासून बोटभर वर अर्काचे बारीक ठिपके ठेवितात, आणि ती कड झांकणाच्या भांड्यांतील थोड्याशा विद्रावकांत उभी करितात. विद्रावक थरांतून वर चढतो. ज्या द्रव्यास सिलिका घट्ट धरून ठेविते तें मागें राहतें. ज्यास सैल धरिते तें पुढें जातें. या विद्येचा उगम १९०३ सालचा. त्या वर्षीं वॉर्सा येथें मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानें खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून पानांतील रंग वेगळे करण्याची आपली रीति मांडली. कांचेवर पातळ थर देण्याची कल्पना १९३८ मध्यें खारकोव्ह येथें इझमाइलोव्ह व श्राइबर यांनीं मांडली, आणि तीहि औषधी वनस्पतींचे अर्क तपासण्यासाठींच. पुढें १९५६ पासून जर्मनीतील एगॉन स्टाल यांनीं तिला शिस्त लावून सर्व जगांत पोंचविली.

नातीनें पाटीवर चार ठिपके ठेविले: माझी साल, बाजारची साल, महाविद्यालयाच्या औषधी बागेंतील खात्रीच्या कुड्याची साल, आणि शुद्ध कोनेसीन. पहिली पाटी तिनें मला दाखविली तेव्हां चारी ठिपक्यांच्या जागीं खालून वर गेलेले नारिंगी-तपकिरी ओघळ दिसत होते. पहिलीच्या मुलानें पाटी थुंकीनें पुसावी तसे. त्यांत बाजारच्या सालीचा ओघळ सर्वांत मळकट. मी लगेच म्हणालों, “पाहा, मी म्हणत नव्हतों?” ती म्हणाली, “आजोबा, या पाटीवरून कांहींच म्हणतां येत नाहीं. हा सालीचा दोष नव्हे, माझ्या कामाचा आहे. दुसरी करूं.”

यापुढील हकीगत मी तिच्याकडून समजून घेऊन लिहितों. कारण परीक्षा कशी सुधारावी हेंच या विद्येचें मर्म आहे.

पहिला दोष अर्काचा. सालींत अल्कलॉइडांखेरीज राळ, तेलकट द्रव्यें व रंग असतात. तीं सर्व पाटीवर गर्दी करितात. अल्कलॉइड मूळ रूपांत क्लोरोफॉर्मांत विरघळतें, आणि अम्लाशीं मिळून त्याचें लवण झालें कीं पाण्यांत जातें. तेव्हां सालीची पूड प्रथम अमोनियानें भिजवून क्लोरोफॉर्मांत अर्क काढावा; तो पातळ गंधकाम्लाबरोबर घुसळावा, म्हणजे अल्कलॉइडें पाण्यांत उतरतात व राळ मागें राहते. मग त्या पाण्यांत अमोनिया घालून तीं पुन्हां क्लोरोफॉर्मांत घ्यावीं. दह्यांतून लोणी काढून तें पुन्हां कढवावें, तसें हें दोनदां शोधन होय.

दुसरा दोष सिलिकेच्या स्वभावाचा. सिलिका किंचित् अम्लधर्मी आहे, आणि अल्कलॉइडें क्षारधर्मी; त्यामुळें ती त्यांना जागोजाग धरून ठेविते. कांहीं कण सुटतात, कांहीं अडकतात, आणि ठिपक्याचा ओघळ होतो. यावर उपाय असा कीं, विद्रावकांतच एखादा बाष्पनशील क्षार मिसळावा. नातीनें टोल्यूईन सात भाग, एथिल ॲसिटेट दोन भाग व डायएथिल अमाइन एक भाग असें मिश्रण घेतलें. अल्कलॉइडांच्या तपासणींत तें नेहमींचें आहे. पर्वणीला उशिरां आलेल्या यात्रेकरूस धर्मशाळेंतील सर्व ओटे भरलेले दिसले म्हणजे तो न रेंगाळतां पुढें चालूं लागतो, त्याप्रमाणें सिलिकेच्या अम्लधर्मी जागा डायएथिल अमाइननें आधींच व्यापल्यामुळें अल्कलॉइडें न अडकतां सरळ वर जातात. ओघळाचे ठिपके होतात ते यामुळें.

तिसरा दोष हवेचा. आमच्याकडील पावसाळा वाचकांस ठाऊक आहे. कपाटांतल्या पोथ्यांसहि बुरशी येते. सिलिका अशा हवेंतील ओल शोषून घेते व तिची धरण्याची शक्ति बदलते. म्हणून पाटी वापरण्यापूर्वीं अर्धा तास ११० अंश सेल्सियस उष्णतेवर तापवावी लागते. भांड्यांतहि आधीं विद्रावकानें भिजविलेला गाळणकागद उभा करून तें वाफेनें भरूं द्यावें लागतें. नाहीं तर कडेचे ठिपके मधल्यांपेक्षां निराळ्या उंचीवर जातात.

चौथा दोष हाताचा. पहिल्या पाटीवर ठिपके मोठे व अर्कानें लादलेले होते. केसासारख्या बारीक नळीनें, दोन-तीन मिलिमीटरांहून मोठा होणार नाहीं असा ठिपका ठेवावा, वाळूं द्यावा, मग वाटल्यास त्यावर दुसरा. अगदीं जवळचीं भावंडें तरीहि चिकटून राहिलीं, तर पाटी वाळवून त्याच विद्रावकांत पुन्हां एकदां चढवावी. दुसऱ्या फेरींत तीं बहुधा सुटतात. आमच्या संस्कृतच्या वर्गांत लांब समास आला म्हणजे मी मुलांना आधीं पदें सोडवावयास सांगत असें, अर्थ नंतर. तीच शिस्त येथें दिसली.

आणखी एक बारीक गोष्ट. कित्येक अल्कलॉइडें जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं दिसतात. दारुहळदींतील बर्बेरीन तर पिवळें चमकतें. कोनेसीन मात्र त्या दिव्याखालीं दिसतच नाहीं. तेव्हां दिवा धरून ‘कांहीं नाहीं’ असें म्हणणारा फसतो. त्यावर ड्रॅगेनडॉर्फचें द्रावण फवारावें लागतें. बिस्मथ व पोटॅशियम आयोडाइड यांचें हें द्रावण डॉरपाटच्या ड्रॅगेनडॉर्फ यांनीं १८६६ मध्यें सांगितलें. अल्कलॉइडाच्या जागीं तें नारिंगी रंग देतें. पण फवारण्यापूर्वीं पाटी तापवून डायएथिल अमाइन पूर्ण उडवून लावावें, कारण तेंहि या द्रावणाशीं रंग देतें व सर्व पाटी माखते. शिवाय अल्कलॉइड नसलेलीं कांहीं द्रव्येंहि या द्रावणानें रंगतात. म्हणून केवळ ‘नारिंगी दिसलें’ हा पुरावा पुरेसा नसतो; त्याच पाटीवर, शेजारीं, शुद्ध द्रव्याच्या उंचीवरच तो ठिपका आला पाहिजे.

हीं सर्व पथ्यें पाळून केलेली दुसरी पाटी नातीनें माझ्यापुढें ठेविली. ओघळ नाहींसे झाले होते. शुद्ध कोनेसीनचा एक स्वच्छ ठिपका वरच्या अंगास; बागेंतील सालीचा त्याच उंचीवर ठिपका, आणि त्याखालीं भावंडांची रांग. बाजारच्या सालीचाहि तसाच ठिपका, तशीच रांग. आणि माझ्या सालीच्या जागीं, त्या उंचीवर, कांहींच नव्हतें.

मी चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. “नांवें उलट तर लिहिलीं नाहींस ना?” असेंहि विचारलें. तिला राग आला नाहीं. ती म्हणाली, “मलाहि तसेंच वाटलें, म्हणून तिसरी पाटी केली. तीहि अशीच आली.” भाद्रपदांत मी शेतावर गेलों. बांधावरील त्या झाडाला हिरव्या शेंगा लागल्या होत्या, आणि प्रत्येक जोडी टोंकाशीं जुळलेली होती. माघांत मीं साल काढिली तेव्हां झाड निष्पर्ण होतें, आणि वाळलेल्या शेंगा सुटल्या होत्या. मीं शेंगा पाहिल्या, टोंकें पाहिलीं नाहींत.

त्याच संध्याकाळीं पारावर जाऊन, ज्या चौघांजवळ दुकानदाराची निंदा केली होती त्यांच्याजवळच ती परत घेतली. दुकानदारासहि भेटलों. त्याच्या कानावर माझें बोलणें गेलें होतें. तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, तुमच्या तोंडून गेलें म्हणून लोकांनीं खरें मानलें.” या वाक्याचें ओझें मी अजून वाहतों आहें.

वाचकांनीं यावरून बाजारची प्रत्येक पुडी खरी मानावी असा अर्थ नाहीं; भेसळ होते, आणि त्यासाठींच अशा परीक्षा आहेत. कुटजाचें औषध हवेंच असेल तर वैद्याच्या सल्ल्यानें आणि परीक्षा करून माल घेणाऱ्या औषधशाळेचें घ्यावें. स्वतःच्या हातानें साल काढण्याचा मोह धरूं नये. हे विद्रावक विषारी व ज्वालाग्राही असल्यानें हा प्रयोगहि प्रयोगशाळेंतच करावा. तसेंच या पाटीची मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. सालींत कोनेसीन आहे कीं नाहीं एवढें तिनें सांगितलें. तें किती आहे हें मोजण्यास निराळें यंत्र लागतें, आणि आजारी मुलास तेवढ्यानें उतार पडेल कीं नाहीं हें कोणतीच पाटी सांगत नाहीं. बाजारची साल खरी असूनहि चवथ्या दिवशीं पहाटे आमच्या मुलाचे डोळे खोल गेलेच होते. लहान मुलास जुलाबांत जो धोका असतो तो प्रथम अंगांतलें पाणी जाण्याचा. पहिल्या दिवसापासून मीठ-साखरेचें पाणी पाजावें, आणि आंव किंवा रक्त दिसतांच डॉक्टरांस दाखवावें.

आमच्या घरीं आतां सूनबाई “दाखवून आणूं या” म्हणाली, कीं मी आधीं उठून पायांत चपला घालतों. नातीची ती दुसरी पाटी मीं मागून घेतली आहे. तिच्यावरचे रंग आतां फिके होत चालले आहेत. तरी माझ्या सालीच्या जागेवरील तो रिकामा पट्टा अजून स्पष्ट दिसतो.